आईला चित्रं वाचून दाखवताना

५ जानेवारी

धाकटे,

पार्सल मिळालं. पुस्तक जाड आहे, कागद उत्तम आहे, बांधणी बरी आहे. आतली चिठ्ठी आईला होती, तरी मी वाचली, कारण आईचं सगळं टपाल मीच वाचते. "आई, सावकाश बघ, एकेक चौकट तुझ्यासाठी काढलीय. मार्चअखेर पुरस्काराचा समारंभ आहे, तुला न्यायला गाडी पाठवते." आणि खाली, उंबऱ्यातून मागे वळून सांगावं तसं: "ताईला यायचं असेल तर येऊ दे."

ताईनं हे वाचलं, याची ही पोच.

आता तुला एक बातमी देते. आईला दिसत नाही. चष्मा बदलून भागेल असं नव्हे, दिसतच नाही. खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढं कळतं, त्यापलीकडे माणूस आणि कपाट तिला सारखंच. दर रविवारी तू फोन करतेस आणि ती "माझं अगदी छान चाललंय" म्हणते, तेव्हा मी समोरच्या खुर्चीत बसलेली असते. तुला सांगायचं नाही, अशी तिची सक्त ताकीद होती. ती मी आज मोडली.

म्हणजे तू केलंस काय, तर ज्या पुस्तकात धड दोन वाक्यं सलग नाहीत, नुसती चित्रंच चित्रं, ते एका आंधळ्या बाईला भेट पाठवलंस. तिनं ते मांडीवर घेतलं, पानांवरून हात फिरवला आणि विचारलं, "यातलं काही हाताला लागत का नाही गं?"

तुझं पुस्तक तिला वाचून दाखवू शकेल असं या घरात एकच माणूस आहे. ते कोण, हे मी लिहायला नकोच.

घाई नाही. आमची रांग लागलेली आहे. दुपारचा चहा झाला की मी वाचते आणि ती ऐकते. मागच्या महिन्यात एक खुनाची कादंबरी संपवली. खुनी शिंपी होता. आई दुसऱ्याच प्रकरणात म्हणाली, "हा शिंपी नव्हे." का, म्हटलं. तर म्हणे, "कापताना यानं कात्री टेबलावरून उचलली. खालचं पातं टेबलाला टेकवूनच न्यायचं असतं. लिहिणाऱ्यानं जन्मात कापड कापलेलं नाही." शेवटी तोच शिंपी खुनी निघाला, तेव्हा ती लेखकावर रुसली. उभं आयुष्य कपड्यांच्या कारखान्यात कटर म्हणून उभी राहिलेली बाई ती, तिला कोण फसवणार.

ताई


१९ जानेवारी

धाकटे,

तुझं पत्र आलं. इतक्या वर्षांत मला आलेलं पहिलं, त्यामुळे नीट वाचलं. आईच्या डोळ्यांबद्दल तू रडलीस म्हणतेस. ठीक. पुढे लिहितेस, "ताई, पुस्तक तू वाचून दाखवू नकोस, मी आले की मीच सांगेन." आणि त्याहून पुढे, "त्यातली मोठी बहीण म्हणजे तू नव्हेस, ते सगळं काल्पनिक आहे."

मी पुस्तक चाळलं आहे. त्यातल्या मोठ्या बहिणीला तू नावही दिलेलं नाहीस, सगळे तिला पट्टी म्हणतात. सरळ, सपाट, आणि मारायच्या कामाची. काल्पनिक बाईच्या चष्म्याची डावी काडी दोऱ्यानं बांधलेली कशी, ते मला सांग. तो दोरा माझा होता.

मी तीस वर्षं विम्याच्या कचेरीत दाव्यांचे फोटो तपासले. ठोकरलेली गाडी, जळालेलं दुकान, फुटलेला नळ. ओरखडा नवा की जुना, धूर खालून आला की वरून, हे बघायचा मला पगार मिळायचा. तेव्हा मला चित्र बघता येत नाही असं समजू नकोस.

तरी एकदम तुझ्या पुस्तकाला हात घालण्यापेक्षा आधी हात बसावा म्हणून मी वाचनालयातून दुसरी एक चित्रकादंबरी आणली. दीपगृहाचा एक म्हातारा राखणदार, त्याची बोट बुडते, मग तो वर्षभर कुणाशी बोलत नाही. समीक्षकांनी डोक्यावर घेतलेलं पुस्तक आहे. आईला अजिबात आवडलं नाही. "हा माणूस बोलतो कधी?" असं ती पानापानाला विचारायची. मी सांगायची, पहिल्या चौकटीत तो जिना चढतोय, दुसरीत वर उभा आहे. ती म्हणायची, "आणि मधे?"

"मधे काही नाही. पांढरी पट्टी आहे."

"अगं पण माणूस चढला कसा? दमला का? थांबला का?"

"ते आपण मनानं भरायचं असतं."

"मग त्यानं काय काढलं? अर्धी गोष्ट आपणच करायची तर पैसे त्याला कशाला?"

हसू नकोस. या प्रकारच्या पुस्तकांवर मी बरंच वाचलं, पण एवढा नेमका प्रश्न कुणी विचारलेला दिसला नाही. कादंबरीकार आपल्याला हात धरून नेतो, खोटं बोलायचं तर त्याला तोंडानं बोलावं लागतं. चित्रकार दोन चौकटी काढून मोकळा होतो, मधलं खोटं वाचणाऱ्याकडून वदवून घेतो. तुला हा धंदा का मानवला ते माझ्या ध्यानात आलं.

सोमवारपासून तुझं पुस्तक सुरू करते आहे.

ताई


३ फेब्रुवारी

धाकटे,

चित्रं चांगली आहेत. हे लिहिताना मला त्रास होतो, पण विम्यात मी खरा दावा कधी नाकारला नाही, तेव्हा हेही मान्य करते. आपली जुनी दोन खोल्यांची जागा, खिडकीखालचं शिवणयंत्र, कपडे बेतायचे टांगलेले कागदी नमुने, सगळं जसंच्या तसं. मोरीच्या दाराला खालून कुजलेली फळी होती, ती मी विसरले होते. तू विसरली नाहीस.

आता तुझ्या आईबद्दल. तिला तू जवळजवळ प्रत्येक पानावर काढलं आहेस, आणि ती जिथे येते तिथे खिडकीतून उजेड येतो. पट्टी जिथे येते तिथे सावली. इतका उजेड आपल्या घरात कधी नव्हता, ते घर उत्तरेकडे तोंड करून होतं. समर्पणही पाहिलं: "आईला, जिनं माझा एक कपटाही कधी फेकला नाही."

मी आईला पुस्तक वाचून दाखवते आहे आणि त्यातली आई वगळते आहे. पट्टीनं काय केलं, मुलगी कशी रडली, पाऊस कसा पडला, सगळं सांगते. उजेडातली आई आली की पान उलटते. चार दिवस तिनं काही विचारलं नाही. मग म्हणाली, "मी नाही का त्यात?"

"आहेस की."

"कशी काढलीय?"

"पाठमोरी."

त्या दिवशी ती जेवताना गप्प होती. तुझ्या पुस्तकानं मला दिलेलं हे पहिलं सुख, म्हणून तुला कळवते.

आज आम्ही पट्टीच्या मुख्य पराक्रमापाशी पोचलो. वाचकांना ते नवं असेल, आपल्या तिघींना नाही. चित्रकलेच्या महाविद्यालयात मुलाखतीला न्यायची तुझी चित्रांची फाइल. दोन वर्षांचं काम. तू तापानं फणफणलेली, आणि सकाळी उठून बघतेस तर सगळी चित्रं चिंध्यांच्या पोत्यात, बोटभर रुंदीच्या पट्ट्या करून टाकलेली. तू अंथरुणात उठून बसलीस आणि माझ्याकडे बोट दाखवलंस. "हिला शिकायला बाहेर जाता आलं नाही म्हणून हिनं केलं. मी पाहिलंय."

मी "नाही" म्हटलं. एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणण्याची मला सवय नाही. आई म्हणाली, "आता दोघीही गप्प बसा." आठवड्याभरात तू मैत्रिणीकडे निघून गेलीस, आणि त्यानंतर माझ्याशी फक्त दोन वेळा बोललीस, दोन्ही वेळा चुकून फोन मी उचलला म्हणून.

त्यानंतर नातेवाइकांत माझी ओळख काय होती, ते तुला ठाऊक नसणार. मावशीच्या मुलीनं आपल्या लेकीची वही माझ्यासमोरून उचलून कपाटात ठेवली होती. हसत हसत. आता तू ते छापलंस. आता वही उचलणारे अनोळखी लोकही असतील.

ती पानं मी उद्या वाचणार आहे. एक रेघही वगळणार नाही.

ताई


११ फेब्रुवारी

धाकटे,

हे पत्र सावकाश वाच. मीही सावकाश लिहिते आहे.

ती पानं दुसऱ्या दिवशी वाचायची होती, पण आईला खोकला झाला, म्हणून राहिलं. काल वाचली. मी सांगत गेले तसं लिहिते.

पहिली चौकट: मुलगी पांघरुणात, डोळे अर्धवट मिटलेले. दुसरी: अर्धं उघडं दार. तिसरी: दाराच्या फटीतून टेबलाचा कोपरा, दिव्याचा गोल. चौथी, सगळ्यात मोठी: एक हात, त्यात काळी लांब कात्री. माणूस दिसत नाही. कागदाच्या पट्ट्या खाली पडताहेत, एकसारख्या, कडा सरळ. कात्रीचं खालचं पातं टेबलाला टेकलेलं.

इथे आईनं विचारलं, "कुठला हात?"

तुझ्या पुस्तकाची परीक्षणं मी जमवली आहेत. एकानंही हा प्रश्न विचारलेला नाही. मीही विचारला नव्हता. उघड्या डोळ्याचा माणूस हे पान क्षणभर बघतो आणि पुढे जातो, कारण पुढच्या चौकटीत, पानभर, पट्टीचा चेहरा आहे. ओठ घट्ट मिटलेले, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. हात बघितला, चेहरा बघितला, संपलं.

मी पुन्हा बघितलं. अंगठा कुठे, बोटं कुठे. "डावा," मी म्हटलं.

आईनं कप खाली ठेवायला बशी चाचपली. ती समोरच होती, तरी तिला सापडली नाही. "आज पुरे," म्हणाली. "घसा दुखतोय." वाचत मी होते, घसा तिचा दुखत होता.

ती आडवी झाल्यावर मी मागची पानं काढली, मी वगळलेली. तुझी उजेडातली आई. ती कापड कापते आहे. लांब काळी कात्री, अंगठा पहिल्या पेरात वाकलेला, खालचं पातं टेबलाला टेकलेलं. डावा हात. पुढे पुन्हा तीच, पुन्हा डावा. चौथी चौकट आणि हे चित्र मी शेजारी शेजारी धरलं. धाकटे, तू एकच हात काढला आहेस.

तू खरंच पाहिलं होतंस. तापात, फटीतून, हात पाहिला होतास, आणि तो तुझ्या बोटांनी आजवर जपला. चेहरा तू पाहिला नव्हतास. तो मधल्या पांढऱ्या पट्टीत तू मनानं भरलास, आणि भरायला तुला माझाच सापडला.

आता तू म्हणशील, पट्टीनं आईची कात्री घेतली असेल. त्याचं उत्तर मी आजच देत नाही. मी विमेवाली आहे, तपासल्याशिवाय लिहीत नाही.

ताई


१४ फेब्रुवारी

धाकटे,

तपासलं.

आई सांगत आली की कारखाना सोडताना तिनं ती कात्री कुणाला तरी देऊन टाकली. दिलेली नाही. शिवणयंत्राच्या खणात, तेल लावलेल्या फडक्यात आहे. डाव्या हाताची कात्री, मुद्दाम घडवून घेतलेली. लहानपणी आपल्याला तिला हात लावायची बंदी होती, आणि मी एकदा लावला तेव्हा आई काय म्हणाली ते तुलाही आठवेल, कारण नंतर वर्षभर तू मला तेच चिडवत होतीस: "तुझ्या हातात ती कापत नाही, चावते." उजव्या हातात धरली की तिची पाती एकमेकींपासून फाकतात. मधे कागद दुमडतो, चुरगळतो, पण कापला जात नाही. मग बोटभर रुंदीच्या सरळ पट्ट्या लांबच राहिल्या.

दुपारी आई खुर्चीत बसली होती. मी टेबलापाशी बसले, जुनं वर्तमानपत्र घेतलं, कात्री उजव्या हातात धरली आणि कापायला लागले. कागद चावल्याचा आवाज व्हायला लागला. खर्र, थांब, खर्र. मी थांबले नाही.

आई म्हणाली, "हात बदल."

सहज म्हणाली. कारखान्यात नवीन पोरींना सांगायची तशी. मग ती कुठली कात्री आहे हे तिला कळलं, आणि मी ती का काढली हेही. तिचा चेहरा मी तुला वर्णन करून सांगणार नाही. तू काढशील.

"बरोबर काढलंय तिनं," ती म्हणाली.

मी विचारलं, का केलंस. तिनं खिडकीकडे तोंड केलं. "मला वाटलं, चित्रं नसली की जाणार नाही."

"आणि तिनं माझं नाव घेतलं तेव्हा?"

"वाटलं, दोन दिवसांत निवळेल."

"निवळलं नाही."

"मग ती गेली. मग तू एकटी उरलीस." आणि पुढे म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तूही गेली असतीस."

ते मात्र खरं आहे. मी गेले असते. माझी तेव्हा बदली आली होती, बढतीवर, दुसऱ्या शहरात. मी नाकारली, कारण एक मुलगी गेलेल्या आईला दुसरीनं सोडून जाऊ नये असं मला वाटलं. तिनं एका कात्रीत दोघींना कापलं, तुला बाहेर आणि मला आत.

आरडाओरडा झाला नाही. मी कात्री पुसून ठेवली आणि तिला औषध दिलं.

ताई


२ मार्च

धाकटे,

तुझं पत्र आलं नाही. फोनही आला नाही, दोन्ही रविवार. आई फोनशेजारी बसून होती. मी तिला सांगितलं, धाकटी कामात असेल.

आई विनवते आहे की तुला कळवू नको. "मी गेल्यावर सांग," म्हणते. मी म्हटलं, तू गेल्यावर माझं कोण ऐकणार? साक्षीदार मेला की दावा बंद होतो. मग ती म्हणाली, "मला एकदाच तिच्याबरोबर त्या स्टेजवर उभं राहू दे. तिचा आवाज जवळून ऐकू दे. पुढचं तुला हवं ते कर."

तिला मी शब्द दिला की तुला काही लिहिणार नाही. हे पत्र आणि मागची दोन मी तिच्या शेजारी बसून लिहिली. लेखणीचा आवाज तिला येतो. वाण्याची यादी करते आहे, असं सांगितलं.

आता काय करायचं ते नीट ऐक.

समारंभाला मी आईला घेऊन येते. गाडी पाठव, दोघींसाठी. तिचे चांगले कपडे काढून ठेवले आहेत. तू तिला हाताला धरून स्टेजवर नेशील, आणि तिला एका शब्दानं जाणवू देणार नाहीस की तुला माहीत आहे. लोक टाळ्या वाजवतील. कुणीतरी डोळे पुसेल. मी पहिल्या रांगेत बसेन, पट्टीसारखी सरळ, आणि ज्यांनी पुस्तक वाचलं आहे ते एकमेकांना कोपर मारून मला दाखवतील. तू वरून ते बघशील आणि तुला काही बोलता येणार नाही. मी तारुण्य घालवून जे केलं, ते तू एक संध्याकाळ कर. तेवढंच मागते. तुझ्यापेक्षा मी बरीच स्वस्त आहे.

माफी मागू नकोस. मला ती ठेवायला जागा नाही.

दुसरी आवृत्ती निघणार असं वर्तमानपत्रात वाचलं. चौथ्या चौकटीतला हात बदलू नकोस. तो उजवा झालेला मला दिसला, तर मी पहिली आवृत्ती घेऊन तुझ्या प्रकाशकाच्या दारात उभी राहीन, सोबत आईची कात्री असेल. नाही, कात्री माझ्याकडे नसेल. ती या पत्राबरोबर तुला पाठवते आहे, त्याच फडक्यात. एक कोरा कागद घे, कात्री उजव्या हातात धर आणि कापून बघ. तो आवाज एकदा ऐक. आम्ही दोघींनी ऐकला आहे, तुझंच ऐकायचं राहिलं.

खण रिकामा झाल्याचं आईला कळलं आहे. काल तिनं हात घालून पाहिला. मग खण लावून घेतला.

आम्ही सध्या एक जाडजूड कौटुंबिक कादंबरी वाचतो आहोत. तीन पिढ्या आहेत, शेवटी सगळे एकमेकांना क्षमा करतात हे मी आधीच पाहून ठेवलं आहे. तिथवर पोचायला उन्हाळा उजाडेल. आईला अजून माहीत नाही, ती रोज विचारते, पुढे काय होतं. मी सांगत नाही.

कार्यक्रमपत्रिका आली. त्यात लिहिलं आहे की लेखिका स्वतः समर्पणाचं पान वाचून दाखवतील. ते आईच्या शेजारी उभी राहून वाच. सावकाश वाच, शब्द खाऊ नकोस.

तिला ऐकू उत्तम येतं.

ताई